सुमनची हरकत नव्हती

परवा भाचीची हळद झाली. भावाने तिचा व्हिडिओ काढला आणि लांबच्या नातेवाइकांना बघता यावा म्हणून इंटरनेटवर चढवला. सकाळी चहा पिता पिता मी तो उघडला, तर आवाजच नाही. अंगणात पोरी नाचत होत्या, वहिनी तोंड उघडून कोणाला तरी हाक मारत होती, म्हाताऱ्या टाळ्या देत होत्या, आणि सगळं मुकं. फोनचा आवाज वाढवून बघितला. मग खाली एक ओळ दिसली. यातलं संगीत दुसऱ्या कोणाच्या तरी मालकीचं आहे, म्हणून आवाज बंद केला आहे. डीजेवाल्याने मागे लावलेल्या एका गाण्यामुळे आख्खं अंगण गप्प झालं होतं. गाण्याबरोबर वहिनीची हाकही गेली. थोड्या वेळाने भावाचा फोन आला. "ताई, आंगण आपला, पोरगी आपली, नि आवाज बंद करणारा हा कोण?"

"असतो रे नियम," एवढंच म्हणून मी फोन ठेवला. खरं तर मला पुष्कळ सांगता आलं असतं. एके काळी शहापूर तालुक्यात या नियमांच्या मागे लागलेली बहुधा मी एकटीच होते. पण व्हिडिओतल्या त्या पिवळ्या हातांकडे बघताना मला दुसरेच पिवळे हात आठवले.

आमच्याकडे लग्नसराई येते ती वासावरून कळते. भाताची खाचरं उघडी पडलेली असतात, भेगाळलेली, आणि त्यांच्या कोपऱ्यात रोपांसाठी राब भाजलेला असतो. पालापाचोळा, शेण आणि माती एकत्र जळाल्याचा तो करपट वास किन्हवलीपासून मुरबाडपर्यंत रस्ताभर सोबत करतो. त्यात दारादारातल्या मांडवावर टाकलेल्या जांभळीच्या डहाळ्यांचा वास, उकडलेल्या हळदीचा वास. जीपच्या टपावर पितळेची भांडी आणि लोखंडी कपाट. करवंदं विकायला बसलेल्या बायांच्या ओठांनाही करवंदांचाच रंग. दरवर्षी हे सगळं तसंच येतं, आणि दरवर्षी माझ्या मनात एकच लग्नसराई पुन्हा येऊन बसते. आम्ही 'पडवी' चालवायचो त्या दिवसांतली, दुसरी.

'पडवी' म्हणजे आमचा रेडिओ. इंटरनेटवरचा. आज हे कोणाला नवल वाटणार नाही, पण तेव्हा शहापुरात इंटरनेट नुकतंच रांगायला लागलं होतं. मी शिकून आले होते. आमच्या घरातली पहिली पदवीधर. माझ्या फीसाठी आईने मोहाची फुलं वेचली, आणि शाळेतल्या बाईंनी मला स्वतःच्या दोन साड्या दिल्या, कॉलेजात नेसायला. हे ऋण फेडण्यासारखं नव्हतं. ते नुसतं जपायचं होतं. बाजाराच्या रस्त्यावर मी छोटा संगणकवर्ग काढला. शेजारच्या गाळ्यात माझा वर्गमित्र विलास, लग्नांना स्पीकर भाड्याने देणारा. त्याच्याकडे माइक, माझ्याकडे संगणक. आमच्या संगणकातून आवाज परदेशातल्या कुठल्याशा सर्व्हरवर जायचा आणि तिथून जगात कुठेही ऐकू यायचा. वीज गेली की 'पडवी'ही जायची, आणि वीज तेव्हा रोज जायची. ऐकणारे मोजकेच. कोणी मस्कतला गेलेला आटगावचा फिटर, कोणी नाशिकला नांदणारी किन्हवलीची पोर. पण त्यांच्या मेल यायच्या. "मॅडम, मागे एसटीचा हॉर्न ऐकू आला. आपल्या स्टँडवरचाच ना?" तेवढ्यावर आमचा आठवडा जायचा.

सर्व्हरवाल्यांची एक अट होती. तुम्ही जे वाजवाल ते वाजवण्याचा हक्क तुमच्याकडे आहे, अशा एका चौकटीत खूण करायची. विलास म्हणाला, "मार टिक. कोण वाचतो ते?" मी वाचलं होतं. आमच्या घरात सही करता येणारी मी पहिली. त्यामुळे सही करण्याआधी वाचायचं असतं, हे मला कोणाला वेगळं शिकवावं लागलं नाही.

"म्हणजे आता सिनेमाची गाणी लावायची नाय?"

"परवानगी मिळाली की लावू."

विलास पोट धरून हसला. "मी दर लग्नात हजार माणसात वाजवतो. मला आजवर एक मायचा लाल विचारायला आला नाय. नि तू मूठभर लोकांसाठी परवानगी मागत फिरणार? मॅडम, तुमी शिकलात तिथंच घात झाला."

तरी मी मुंबईला गेले. गाण्यांचे हक्क सांभाळणाऱ्या एका कार्यालयात जिना चढून गेले. टेबलामागच्या बाई स्वभावाने चांगल्या होत्या. त्यांनी आधी पाणी दिलं, मग विचारलं, "तुमचं नक्की काय आहे? हॉटेल? दुकान? मंगल कार्यालय?" मी सांगितलं. त्यांनी बराच वेळ कागद चाळले. "इंटरनेटवरचा रेडिओ, आणि तोही गावाकडचा... तुम्हाला कशात बसवू, तेच कळत नाही हो." मग त्यांनी समजावलं. गाण्याचे शब्द एकाचे, चाल दुसऱ्याची, ध्वनिमुद्रण तिसऱ्याचं. प्रत्येकाचं दार वेगळं. त्यातलं एक दार माझ्यासारखीसाठी अजून बांधलेलंच नव्हतं आणि बाकीची माझ्या ऐपतीची नव्हती. निघताना मी सहज विचारलं, "आणि आमच्याकडची लग्नातली गाणी? धवले वगैरे?" बाईंचा चेहरा उजळला. "लोकगीतं? ती कोणाचीच नसतात. खुशाल वाजवा." त्यांना खरोखर आनंद झाला होता, मला काहीतरी देता आलं याचा.

कोणाचीच नसतात. परतीच्या वाटेवर हे वाक्य मी एखाद्या वस्तूसारखं हातात धरून बसले होते. आपल्याकडे जे आहे ते कोणाचंच नाही, हे ऐकून हायसं वाटावं की वाईट वाटावं, ते ठरेना.

मग मी एक पद्धत पाडली. कायद्याने मागितली नव्हती, मीच पाडली. गाणं कोणाचंही नसलं तरी गळा कोणाचा तरी असतो. म्हणून ध्वनिमुद्रण करताना आधी त्या माणसाने स्वतःच्या आवाजात नाव सांगायचं आणि हरकत नाही म्हणायचं. मग गाणं. वाजवतानाही दोन्ही सलग वाजवायचं. एका ठाकर आजोबांनी पावा वाजवण्याआधी सांगितलं, "हरकत नाय. पन माज्या भावाला सांगू नका, तो बोलंल मना का नाय इचारला." ते तसंच वाजलं. एका भजनी मंडळात हरकत नाही कोणी म्हणायचं यावरून भांडण लागलं. अखेर सगळ्यांनी टाळ वाजवून एका सुरात म्हटलं. मस्कतच्या फिटरने लिहिलं, मॅडम, गाण्यापेक्षा परवानगीच भारी असते. विलाससुद्धा ती परवानगी लागली की हातातली वायर ठेवून ऐकायचा.

सुमनची हळद आम्ही त्याच पहिल्या उन्हाळ्यात टिपली. किन्हवलीच्या बाहेर, रस्त्यापासून आत, माळावर त्यांचं घर. आई सीतामावशी बाजारात करवंदं, रानभाजी विकायला यायची, म्हणून ओळख. नवरा लवकर गेलेला, एकुलती एक सुमन. मुलगा मुरबाडच्या बाजूचा. सीतामावशीने स्वतः बोलावलं होतं, "ये गो बाय, तुजा तो आवाजाचा डबा घेऊन." धवलारीण ठमाबाय मुरबाडच्या पलीकडून जीपने आली होती. आमच्याकडे लग्नाचे विधी ही बाई गाण्यातून लावते. हळद लावायची वेळ झाली की ती हळदीचा धवला म्हणते. त्यात नवरानवरीची नावं, आईबापांची, मामाची, सगळी नावं ती जागच्या जागी गुंफत जाते. त्यामुळे एका मांडवाचा धवला दुसऱ्या मांडवात चालत नाही.

मी ठमाबायपुढे माइक धरला. "आजी, हरकत नाही म्हणा."

"मी कशी म्हनू? गाना माजा नाय."

"मग कोणाचा?"

"मांडवाचा. ज्याचा मांडव त्याला इचार."

मुंबईच्या बाईंनी जे कोणाचंच नाही म्हटलं होतं, त्याला इथे मालक होता, चार खांबांवर उभा. मी सीतामावशीकडे वळले, पण ती चुलीकडे पळत होती. पाटावर बसलेली सुमनच म्हणाली, "मी सांगू? माजाच त मांडव हाय ना?" तिचे हात कोपरापर्यंत पिवळे होते, गालावर कोणीतरी मुद्दाम जास्त हळद फासली होती. ती माइकजवळ वाकली. "मी सुमन. आज माजी हळद हाय. ताई, धवला वाजवा, माजी हरकत नाय." आणि मग तिला हसू फुटलं. थांबेचना. "हसणा काडून टाका बरा का," ती हसतच म्हणाली. मागून सीतामावशी ओरडली, "गप गो, हळद सुकतेय!" आणि ठमाबायने धवला सुरू केला.

हसू मी काढलं नाही. त्या उन्हाळ्यात तो धवला आम्ही कितीदा लावला असेल! विलासने बाजारच्या दिवशी गाळ्याबाहेर कर्णा टांगला होता, त्यामुळे 'पडवी' बाजारालाही ऐकू जायची. सुमन हसायला लागली की भाजीवाल्या बाया आधीच म्हणायच्या, "गप गो, हळद सुकतेय!" सीतामावशी मान खाली घालून करवंदं सारखी करत बसायची. चेहऱ्यावरून कळू द्यायची नाही.

पावसाळ्यात सुमनला कावीळ झाली. आधी गावचं औषध, मग मुरबाडचा दवाखाना, मग कल्याण. पिवळेपणा हळदीनंतर असा परत येईल असं कोणाला वाटलं होतं? मी तिला भेटायला गेले नाही. जाऊ जाऊ म्हणेपर्यंत ती नव्हती.

घरात माणूस पाहिजे म्हणून सासरच्यांनी मुलाचं दुसरं लग्न वैशाखाच्या तोंडालाच उरकलं. आणि त्याच वैशाखात, राबाचा वास पुन्हा रस्ताभर पसरला असताना, सीतामावशी माझ्या वर्गाच्या दारात येऊन उभी राहिली. पोरं माना वर करून बघायला लागली.

"बाय, बाकीच्या पोरींचं धवलं लावलास. सुमनचा कवा लावनार?"

मला वाटलं तिला तो ऐकायचा आहे. मी म्हटलं, "मावशी, आत बस, कानाला लावून देते. नाहीतर सीडीच करून देते, घरी ने."

"मना आयकायचा नाय गो. मना त पाठ हाय." तिने पदराने तोंड पुसलं. "आता तिचा नाव कोनी घेत नाय. तिच्या घरात दुसरी आली. माज्या घरात मी एकटी, मी कोनाला हाक मारू? बाजारात एकदा तिचा नाव मोठ्यानं पुकारला जावा. लग्नसराय हाय. सगल्या पोरींचं नाव पुकारतात."

तिने जे मागितलं ते इतकं साधं होतं. एक बटण दाबायचं. आणि मी ते दाबू शकत नव्हते. जावयाचं नाव सुमनच्या नावात गुंफलेलं होतं, आणि नव्या सुनेचं माहेर याच बाजाराला येणारं. मी आणि विलास जीपने मुरबाडच्या बाजूला गेलो. सुमनच्या सासऱ्यांनी ओटीवर घोंगडी अंथरली, गूळपाणी दिलं. मी भांडायच्या तयारीने गेले होते. ते म्हणाले, "मास्तरीनबाय, माजा काय इरोध नाय. सुमन आमचीपन व्हती. पन नवी पोर बिचारी आताच आलेय. तिच्या आयबापाच्या कानावर भर बाजारात जुन्या मांडवाचा धवला पडला, त तिला काय वाटंल?" मग म्हणाले, "आमच्या घरातपन तिचा नाव घेववत नाय." आत भांड्यांचा आवाज झाला. उंबऱ्याशी एक कोवळी मुलगी आली, रिकामे पेले उचलून गेली. हातावर हळदीचा रंग अजून पुरता उतरलेला नव्हता. मला भांडायला कोणी उरलं नाही.

पुढे ठमाबायकडे गेलो. ती अंगणात मोह वाळवत होती. विलासने विचारलं, "आजी, त्या धवल्यातला नवऱ्याचा नाव कापला त?"

"कापता येतो तुमच्या मशीनला?"

"येतो."

"मंग कापून बघा. मी काय सांगू?"

"मग तुम्ही नुसत्या सुमनच्या नावाचा एक म्हणा ना," मी म्हटलं.

"मांडव कुठं हाय?" ती म्हणाली. रागाने नाही. भाताला पाणी कुठून आणू, असं म्हणावं तशी. "मांडव नाय त धवला नाय, बाय. नि मेल्या मानसाचा हळदीचा धवला म्हनत नाय. माजी जीब उचलनार नाय."

आम्ही कापून बघितलं. संगणकावर तो आवाज डोंगरांच्या रांगेसारखा दिसतो. त्यातून जावयाचं नाव जिथे जिथे होतं तेवढी टेकडी काढून टाकायची. मी दुपारभर ते केलं. मग दोघांनी ऐकलं. ठमाबायचा आवाज दर ओळीला ठेचकाळत होता, सुमनच्या नावाशेजारी दर वेळी एक खड्डा. नाव काढलं, तरी तिथे कोण होतं ते आधीपेक्षा जास्त कळत होतं. विलासने स्वतःच स्पीकरची वायर उपटली. "हा नको," तो म्हणाला. पहिल्यांदाच त्याने मला मॅडम म्हणून चिडवलं नाही.

त्या लग्नसराईत सीतामावशी दर बाजारला आली. रोजच्या जागी टोपली मांडायची, आणि कर्ण्यातून कोणा पोरीचा धवला लागला की वर बघायची. माझ्याकडे नाही, कर्ण्याकडे. तिने पुन्हा मागितलं नाही, तेच मला जड जायचं. वर्गात पोरांना फाइल कशी जपून ठेवायची ते शिकवताना माझं लक्ष दाराबाहेर असायचं. मी इतकं शिकले. माझ्याहून कमी शिकलेल्या माणसांनी, उपाशी राहून, मला शिकवलं, ते कशासाठी? तशाच एका बाईने मला आयुष्यात एक गोष्ट मागितली होती. मुंबईच्या कायद्याने ती अडवली नव्हती. दार उघडंच होतं. आणि तरीही आत पाऊल टाकायला जागा नव्हती, कारण आत प्रत्येक माणूस खरं बोलत होता.

('पडवी' पुढच्याच वर्षी बंद पडली. सर्व्हरवाल्यांचे नियम बदलले, प्रत्येक तुकड्यासाठी हक्कदाराचा पुरावा मागायला लागले. मी त्यांना मांडवाचा पत्ता काय देणार होते? त्यांनी एका सकाळी आमचा आवाज थांबवला. मस्कतच्या फिटरने विचारलं, मॅडम, लाइट गेली का? आता डीजेची गाणी थेट आभाळातून येतात आणि ठमाबायनंतर त्या गावांत धवला म्हणणारं कोणी बसलं नाही. हे सगळं नंतरचं.)

लग्नसराईतला शेवटचा बाजार होता. आभाळ भरून यायला लागलं होतं, लोक मिठाच्या गोण्या आणि इरली घेत होते. आता लग्नं थांबणार, धवलेही थांबणार, पुढल्या वर्षापर्यंत. सीतामावशीच्या टोपलीत तळाशी थोडी करवंदं, सुरकुतलेली. मी संगणकावर नुसतीच सुमनची फाइल उघडून बसले होते, लावण्यासाठी नाही. डोंगरांची ती लांब रांग पडद्यावर होती. आणि रांगेच्या सुरुवातीला, जरा अलग, एक लहानशी टेकडी. मी तिच्याकडे बघत राहिले. तो धवला नव्हता. त्यात ठमाबाय नव्हती, जावयाचं नाव नव्हतं. ते कुठल्याच मांडवाचं नव्हतं. ते फक्त सुमनचं होतं, आणि तिने ते स्वतः, हसत, मला दिलं होतं.

मी बाहेर जाऊन सीतामावशीला म्हटलं, "मावशी, धवला नाही लावता येणार. पण तिचं बोलणं लावू का? तेवढंच?"

एक गिऱ्हाईक भाव विचारून निघून गेलं. "तेवडाच?" तिने विचारलं.

"तेवढाच."

"लाव."

विलासने कर्ण्याचा आवाज मोठा केला. मी बटण दाबलं. भर बाजारात, मिठाच्या गोण्यांवर, घोंगड्यांवर, सुकटीच्या पाट्यांवर सुमन बोलली. मी सुमन. आज माजी हळद हाय. ताई, धवला वाजवा, माजी हरकत नाय. मग ती हसली, कितीतरी वेळ. आणि मागून तिची आई गेल्या वर्षीच्या खणखणीत आवाजात ओरडली, गप गो, हळद सुकतेय.

या वेळी भाजीवाल्या बायांपैकी कोणी बरोबरीने म्हटलं नाही.

त्यानंतर धवला यायचा. तो आला नाही. मी त्या जागी दुसरं काहीही लावलं नाही. धवला जेवढा लांब होता तेवढं सगळं मोकळं सोडलं. विलास, ज्याचा स्पीकर कधी क्षणभर रिकामा राहत नसे, बटणावर हात ठेवून तसाच उभा होता. कर्ण्यातून नुसती बारीक खरखर येत होती. लोक चालता चालता वर बघायला लागले. सुकटवालीने हाक मारली, "विलास, बंद पडला काय रे तुजा रेडिओ?"

 

सीतामावशीने टोपलीवरचा फडका सारखा केला. वर कर्ण्याकडे बघतच ती म्हणाली,

"बंद नाय गो. चालू हाय."